जादूचे दप्तर

मनुष्यप्राण्याच्या मनात अनादी कालापासून एक आकांक्षा वास करीत आली आहे. ती अशी की, आपण जागचे न हलता चार अक्षरे उच्चारावीत किंवा कागदावर चार रेघा ओढाव्यात, आणि तेवढ्यावर साऱ्या सृष्टीने निमूटपणे कामाला लागावे. ही आकांक्षा आजवर तीनच वर्गांच्या बाबतीत अंशतः सफल झालेली दिसते : मांत्रिक, महसूल खाते आणि संगणकाचे प्रोग्रामर. यांपैकी मधल्या वर्गाच्या चाकरीत माझे केस पांढरे झाले असल्यामुळे पहिल्या वर्गाविषयी मला व्यावसायिक सहानुभूती वाटते. आणि तिसऱ्या वर्गात आमचा भाचा मोडत असल्यामुळे त्या वर्गाविषयी वाटते ती निव्वळ कौटुंबिक काळजी.

आमचे वास्तव्य शिळफाट्यास. म्हणजे खोपोलीच्या शिळफाट्यास, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, बोरघाटाच्या पायथ्याशी. हा खुलासा आरंभीच करणे भाग आहे, कारण दुसरा एक शिळफाटा कल्याणच्या वाटेवर ठाणे जिल्ह्यात नांदतो, आणि त्याची कीर्ती आमच्याहून अधिक असल्याने आमच्याकडे निघालेली पार्सले, पाहुणे आणि लग्नसराईत क्वचित सबंध आचारी आपल्या कढयाझाऱ्यांसह तिकडे जाऊन उभे राहतात. "मामा, एकाच नावाचे दोन व्हेरिएबल ठेवले की असंच व्हायचं," असे निदान भाच्याने एकदा केले, आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आले की या पोरट्याच्या शास्त्रात काही तथ्य असले पाहिजे.

चिन्हांनी चालणाऱ्या जादूचे प्रदर्शन पाहावयाचे असेल तर शिळफाट्याइतकी सोयीची जागा विरळा. घाट चढण्यापूर्वी मालमोटारी येथे दम घेतात, आणि प्रत्येकीच्या पुढच्या अंगास लिंबू-मिरची, मागच्या अंगास काळी बाहुली, काचेवर स्वस्तिक आणि कपाळावर जीभ बाहेर काढलेला एखादा राक्षस असा बंदोबस्त असतो. याउपर घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. ज्या धनगराने इंग्रज इंजिनेरांस या डोंगरातून वाट दाखविली असे परंपरा सांगते, त्याचे ते स्थान. तेथे नाणे वाहिल्याखेरीज जुना चालक पुढे जात नाही. ब्रेक, गिअर आणि विमा हे सर्व असतानाही, वरच्या कचेरीत स्वतंत्र अर्ज केलेला बरा, हा विचार त्यामागे असतो, आणि सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसास तो अगदी रास्त वाटतो.

आमचा हा भाचा पुण्यास हिंजवडीत नोकरीस आहे, आणि शनिवार-रविवारी मामीच्या हातचे खाण्याच्या निमित्ताने येथे येऊन एक अद्भुत कादंबरी लिहीत असतो. त्या कादंबरीतील जादूगार छडी फिरवीत नाहीत; ते प्रोग्राम लिहितात. त्यासाठी त्याने एक स्वतंत्र चिन्हावली निर्माण केली असून तिची भली जाडजूड वही केली आहे. एके सायंकाळी ती वही माझ्यापुढे टाकून तो म्हणाला, "मामा, तुम्ही मोडी वाचता ना? मग हे पान वाचून दाखवा. किल्ली देणार नाही." पानावर तुटक वर्तुळे, शेपट्या फुटलेले त्रिकोण, पोटात टिंब असलेले चौकोन आणि उलटे टांगलेले चंद्र यांची अशी काही दाटी होती की, २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा लक्षात घेता, ही वही पोलीसपाटलाच्या दृष्टीस पडणे इष्ट नव्हे, असे मला प्रथमदर्शनीच वाटले.

परंतु अज्ञात लिपी वाचण्याची विद्या लोक समजतात तितकी गूढ नाही. ती बव्हंशी दप्तरी स्वभावाची विद्या आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीत सोन्याचांदीचा कस पाहणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी लिपीचे कोडे सोडविले, ते काही अंतर्ज्ञानाने नव्हे. सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांच्या अखेरीस तीच दोन अक्षरे पुन्हापुन्हा येतात हे त्याने हेरले, ही भाविकांच्या देणग्यांची नोंद असावी असा तर्क केला, आणि ती अक्षरे 'दानं' अशी वाचली. बाकीचे कुलूप मग त्या एका चावीने उघडत गेले. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचे नाव, गाव आणि कोणाच्या स्मरणार्थ हे सारे लिहिलेले, आणि पंखा फिरू लागला की त्यातले काहीच वाचता येत नाही, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला प्रिन्सेपचा तर्क किती अचूक होता हे निराळे सांगावयास नको. आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यातही, राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याच्या लेण्यात, दोन हजार वर्षांमागे कण्हाचा शिष्य बलक याने हे काम आपण केल्याची नोंद ब्राह्मीत खोदून ठेवली आहे. पुढे मूर्ती भंगली, दर्शनी भाग ढासळला. नोंद मात्र शाबूत आहे.

मोडी वाचणाराचीही रीत हीच. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ मारतात आणि मग तिला अक्षरे टांगतात. शब्द तोडीत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध बाळगीत नाहीत. 'रा॥' म्हणजे राजश्री, 'मौ॥' म्हणजे मौजे, आणि 'छ' म्हणजे चांद्र महिन्याची तारीख, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच त्या वाटेस जावे. सबब मोडीचा जाणकार अक्षरे वाचीतच नाही. तो मायना ओळखतो, कागद कोणाचा कोणास आहे हे ताडतो, आणि मग जे लिहिलेले असणारच ते तेथे आहे की नाही एवढीच खातरजमा करतो. त्याच न्यायाने मी भाच्याच्या पानाकडे पाहिले. प्रत्येक ओळीच्या आरंभी आणि अखेरीस एकच चिन्ह, एकदा सुलटे आणि एकदा उलटे, आले होते. अर्थात ते कंस. त्रिकोणामागून नेहमी दोन वाटा फुटत होत्या. अर्थात ती अट. तुटक वर्तुळ म्हणजे पुनरावृत्ती. आणि पोटात टिंब असलेला चौकोन दर ओळीत निराळ्या शेजाऱ्यासह येत होता, तेव्हा ते भांडे असले पाहिजे, ज्यात काहीही ठेवता येते. एवढे जमल्यावर पानाचा मजकूर उघड झाला : घडा भरलेला नसेल तोवर विहिरीतून पाणी आणून त्यात ओतावे, असा तो मंत्र होता.

भाचा थक्क झाला. त्याची मामी मात्र स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाली, "अहो, त्या मंत्राला आधी विचारा, नळाला पाणी कधी येतं ते."

या प्रश्नात सबंध प्रोग्रामशास्त्राचा मर्मभेद आहे. विहीरच कोरडी असेल तर जादूगाराने काय करावे, हे भाच्याने लिहिले नव्हते. आणि घडा गळका निघाला तर मंत्र कधीच थांबणार नाही, हेही त्याच्या ध्यानी आले नव्हते. जर्मन कवी ग्यॉटे याने १७९७ साली जादूगाराच्या एका उतावीळ शिष्यावर कविता रचली, तिच्यातही अनर्थ होतो तो असाच. गुरू बाहेर गेल्यावर शिष्य झाडूला पाणी भरावयास लावतो. लावण्याचा मंत्र त्याला आठवतो, थांबविण्याचा आठवत नाही, आणि घर बुडू लागते. खोपोलीच्या आषाढात ज्याने घर राखले आहे त्यास ही कविता अद्भुतरम्य वाटण्याचा संभव कमी.

येथे मी भाच्यास म्हणालो की, बाबा रे, तू ही जी नवी सृष्टी निर्माण करावयास बसला आहेस, ती तुझ्या आजीच्या देवघरात पूर्वीच वसलेली आहे, आणि तिचे नियम तुझ्या नियमांहून अधिक काटेकोर आहेत. तिन्हीसांजेला घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या रामरक्षेचा आरंभ पाहा. प्रत्यक्ष स्तोत्र सुरू होण्यापूर्वी रचणारा ऋषी बुधकौशिक, छंद अनुष्टुप, देवता सीतारामचंद्र, शक्ती सीता, कीलक हनुमान आणि विनियोग जप, अशी यादी येते. म्हणजे लेखक कोण, नमुना कोणता, अर्ज कोणाकडे जावयाचा, चालवावयास बळ कोणाचे, कुलपास खुंटी कोणती आणि उपयोग काय, याचा तपशील पहिल्याच कलमात दाखल. भाच्याच्या कचेरीतील मंडळी आपल्या प्रोग्रामच्या माथ्यावर असाच तपशील लिहितात, किंबहुना लिहावा असा तेथे दंडक आहे. तो कोणी पाळीत नाही म्हणून मागाहून आलेल्यांस रात्र रात्र जागावे लागते, असे त्याच्याच तोंडून ऐकतो.

मग संकल्प घ्या. कोणतेही कृत्य करण्यापूर्वी गुरुजी स्थळ आणि काळ सांगतात. जंबुद्वीपापासून निघून भरतखंडातून उतरत उतरत ते गोदावरीच्या दक्षिण तीरावर येतात आणि शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र यांची नोंद करून मगच यजमानाचे गोत्र व नाव घेतात. शिळफाट्यापासून गोदावरी कित्येक कोस दूर आहे खरी. परंतु अर्जात जिल्हा बरोबर असला म्हणजे टपाल पोहोचते, तद्वत देवांनी आजवर या पत्त्याविषयी तक्रार केलेली नाही. पोथीत यजमानाच्या नावाच्या जागी 'अमुक' असे छापलेले असते, आणि गुरुजींनी तेथे प्रत्यक्ष नाव घालावयाचे असते. हा 'अमुक' म्हणजेच भाच्याचे पोटात टिंब असलेले भांडे. एका मुंजीत नवशिक्या गुरुजींनी घाईघाईने 'अमुकगोत्र' आणि 'अमुकशर्मा' असेच जसेच्या तसे वाचले. त्या कृत्याचे पुण्य कोणा अमुकशर्म्याच्या खाती जमा झाले असेल, आणि त्रैलोक्याच्या दप्तरात त्याच्या नावे अशा किती रकमा बेवारस पडून असतील, याचा विचार करू लागले की चित्रगुप्ताची कीव येते.

मंत्राच्या शेपटाचाही असाच कायदा आहे. न्यास करताना हृदयास 'नमः', मस्तकास 'स्वाहा', शिखेस 'वषट्', कवचास 'हुं', नेत्रांस 'वौषट्' आणि अस्त्रास 'फट्' लागते. एकाचा प्रत्यय दुसऱ्यास लावून चालत नाही. आणि सांकेतिक लेखनाच्या उलगड्याचा नमुना तर आमच्या शेजारीच आहे. खालापूर तालुक्यातील महड येथे अष्टविनायकांपैकी वरदविनायक आहे. तेथे संकष्टीस जे अथर्वशीर्ष शेकडो मुखांतून एकदम ऐकू येते, त्याच्या पोटात 'गं' या एकाक्षरी बीजाची घडण पायरीपायरीने दिली आहे : आधी गणातले पहिले अक्षर, मग वर्णमालेतले पहिले, त्यावर अनुस्वार, वर अर्धचंद्र, आणि सर्वांस ओंकाराचे वेष्टन. एवढ्यावर न थांबता, पूर्वरूप कोणते, मधले कोणते, अंत्य कोणते, याची पुन्हा फोड केली आहे. पुढे किती आवर्तनांनी काय साधते ते आहे. आणि मोहाने अनधिकाऱ्यास हे देणारा पापी ठरेल, असे परवान्याचे कलमही आहे. चिन्ह, किल्ली, वापराची रीत आणि हक्क राखीव, या चारही गोष्टी इतक्या आटोपशीर जागेत बसविणारा दुसरा लेख मला ठाऊक नाही. आणि गंमत अशी की, आपण तो गणेशोत्सवात एका दमात म्हणतो आणि त्यात किल्ली आहे हे ध्यानातही येऊ देत नाही.

भाचा ऐकत होता, परंतु पराभव कबूल करणे हे त्याच्या पिढीच्या रक्तात नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, पण चुकीचं काय? प्रोग्राममध्ये एक स्वल्पविराम चुकला तरी सगळं कोसळतं." त्यावर मी त्याला त्वष्ट्याची हकीकत सांगितली. इंद्राचा सूड घेण्यासाठी त्वष्ट्याने यज्ञ मांडला आणि 'इंद्रशत्रू'ची वृद्धी होवो असे आवाहन केले. परंतु उच्चारात स्वराचा आघात चुकीच्या अक्षरावर पडला, समास फिरला, आणि इंद्राला मारणारा उत्पन्न होण्याऐवजी इंद्र ज्याला मारील असा वृत्र उत्पन्न झाला. पतंजलीने व्याकरण का शिकावे हे पटवून देताना हाच दाखला दिला आहे. हिरण्यकशिपूने वर मागताना दिवस, रात्र, घर, बाहेर, माणूस, पशू अशी सर्व कलमे मसुद्यात घातली होती; उंबरठा आणि संधिकाल तेवढे राहिले, आणि भगवंतांनी परीक्षक या नात्याने नेमके तेच काढले. भस्मासुराच्या मसुद्यात तर 'स्वतःचे मस्तक वगळून' हे तीन शब्द नव्हते. पुराणे ही पापपुण्याची पुस्तके आहेत असे आम्हांस शाळेत शिकविले. वस्तुतः ती निष्काळजी मसुद्यांची दप्तरे आहेत.

चूक होणारच असे धरून चालणारे शहाणे लोकही आमच्या कोकणात होऊन गेले. शिलाहारांच्या काळातील गधेगळ नावाच्या शिळा रायगड जिल्ह्यात आढळतात. अलिबागेजवळ आक्षी येथील शिळा त्यांपैकीच. तिच्यावरील मराठी लेखाचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला. अशा शिळेवर माथ्याशी सूर्य आणि चंद्र, मध्ये दानाचा मजकूर, आणि तळाशी एक गाढव अशा अवस्थेत कोरलेले असते की, जिचे वर्णन सभ्य मासिकात करता येत नाही. एवढेच सांगतो की, दान मोडणाराच्या मातोश्रींचा त्या चित्राशी संबंध असतो. आता याचा प्रोग्रामच्या भाषेत अन्वय लावा. सूर्यचंद्र म्हणजे पुनरावृत्तीची मुदत, हे दोघे आकाशात असतील तोवर दान चालू राहावे. मजकूर म्हणजे आज्ञा. आणि गाढव म्हणजे आज्ञाभंग झाल्यास काय होईल याची तजवीज, तीही चित्ररूपाने, जेणेकरून निरक्षर माणसाने 'मला वाचता येत नव्हते' ही सबब सांगू नये. अशी सर्वांगपरिपूर्ण व्यवस्था भाच्याच्या वहीत कोठेही नव्हती. व्यवहारात मात्र आचंद्रार्क चालावयाच्या कित्येक इनामांचा निकाल १८५२ च्या कायद्याने स्थापिलेल्या इनाम कमिशनने लावला. सूर्य आणि चंद्र दोघेही त्या दिवशी हजर होते, परंतु त्यांची जबानी घेण्यात आली नाही.

परदेशातील विद्वानांनाही चिन्हांची ही ओढ आहे. केनेथ आयव्हर्सनने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या संगणकभाषेची चिन्हे इतकी निराळी होती की, पुढे तिच्यासाठी खास कळफलक करावा लागला. पानभर लिहिण्याचे काम ती एका ओळीत उरकते, आणि ती ओळ समजावून घेण्यास मग पानभर लिहावे लागते. अमेरिकेतील एका नामांकित तंत्रसंस्थेच्या १९८५ सालच्या पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर तर चक्क जादूगाराचेच चित्र आहे, आणि आत प्रोग्रामला मंत्राची उपमा दिली आहे. तेव्हा भाच्याची कल्पना वेडेपणाची नाही. उणीव आहे ती एकच : "किल्ली देणार नाही," हे त्याचे पहिले वाक्य.

या हट्टाचे फळ मराठी वाङ्मयाने भोगले आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपी योजल्या. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह घातले, आणि किल्ली मठाबाहेर जाऊ दिली नाही. ग्रंथ त्यामुळे सुरक्षित राहिले हे खरे. परंतु मराठी गद्याचा तेराव्या शतकातील अमोल ठेवा, लीळाचरित्र धरून, बाहेरच्या वाचकांना शतकानुशतके बंद राहिला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांना त्या कुलपांशी झटावे लागले. आपल्याच भाषेतील आद्य गद्य वाचण्यासाठी आपल्यालाच उलगडा करावा लागला, असा हा प्रसंग. मोडीचे तर कोणी गुपितही केले नव्हते. ती उघड्यावर, शाळेत शिकविली जात होती, तरी शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत गुपित होऊन बसली.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? आमच्या भिंतीवरील कालनिर्णयात सौभाग्यवतींनी केलेल्या खुणा पाहाव्यात. काही तारखांना गोल, काहींना फुली, काहींना गोलात फुली, आणि क्वचित एका तारखेच्या डोक्यावर तीन टिंबे. त्या माहेरी गेल्या असता दूधवाला हिशेबास आला, आणि गोल म्हणजे दुधाचा खाडा की भांडीवालीचा, यावर मी, भाचा आणि दूधवाला अशा तिघांची समिती बसली. दूधवाल्याने प्रत्येक खुणेचा आपल्या लाभाचा अर्थ लावला, आणि किल्लीच्या अभावी तोच अर्थ कायम करावा लागला. प्रिन्सेपला सांचीत दूधवाला भेटला नाही, हे त्याचे भाग्य.

या सर्वांवरून माझे मत पक्के झाले आहे. चिन्हात स्वतःचे असे कोणतेही सामर्थ्य नसते. १९१५ साली टाटांच्या खोपोली वीजगृहातून निघालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या, त्याहून मोठी जादू या परिसराने पाहिली नसेल. परंतु त्या वीजगृहाचे नकाशे कोणी गुप्त लिपीत काढले असते, तर पहिल्या बिघाडालाच ती जादू संपली असती. मंत्र असो, मोडी असो, सनद असो की प्रोग्राम असो, लिहिणाराच्या पश्चात ते वाचणारा कोणी तरी उरला तरच ते चालते. भाच्याने यावर बराच वेळ वाद घातला, आणि शेवटी वहीच्या पहिल्या पानावर चिन्हांची यादी आणि त्यांचे अर्थ लिहून काढले. वर 'श्री' घातला, तो मात्र माझ्या आग्रहाने.

वाचकांस विनंती एवढीच की, आपल्या घरी माळ्यावर आजोबा-पणजोबांचे मोडी रुमाल असतील तर ते रद्दीच्या भावात काढू नयेत. मोडी जाणणारे अजून आहेत, मोडीचे वर्गही चालतात, तेथे जाऊन ते कागद वाचून घ्यावेत. आणि स्वतः ज्या खुणा आपण रोज करतो, मग त्या हिशेबाच्या वहीत असोत, शेताच्या नकाशावर असोत वा संगणकात असोत, त्यांचा अर्थ एका स्वतंत्र कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून, तो कागद कोठे ठेवला आहे हे घरातल्या निदान दोन माणसांना सांगून ठेवावे.